कार्ड खिशात आहे, पण नाव यादीत आहे का?

मतदान सुरू होऊन तासभर झाला की केंद्राच्या दारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, कार्ड आहे की माझ्याकडे!" मी शिक्षक आहे. निवडणुकीच्या ड्युट्या बऱ्याच केल्या, त्यातल्या बहुतेक पहिला मतदान अधिकारी म्हणून. यादीची प्रत माझ्यासमोर असते. आलेल्या माणसाचं नाव शोधायचं, अनुक्रमांक मोठ्यानं वाचायचा, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही ऐकू जातो, आणि नावाखाली रेघ मारायची. त्यामुळे हे वाक्य पहिल्यांदा माझ्याच पुढ्यात येतं, आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं: कार्ड खरं आहे, पण यादीत तुमचं नाव नाही.

एका निवडणुकीत एक आजी आल्या होत्या. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं, कडा पिवळ्या पडलेलं लॅमिनेशनचं कार्ड. याच शाळेत त्यांनी कित्येक वर्षं मत दिलेलं. मधली दोन वर्षं त्या लेकीकडे होत्या, घराला कुलूप होतं, आणि त्या काळात कधीतरी कुणीतरी त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं. नाव वगळलं गेलं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, फोटो माझ्याकडे येईल असं बोटानं फिरवलं आणि म्हणाल्या, "हा बघा की बाळा, मीच आहे." त्या त्याच होत्या, याबद्दल खोलीतल्या कुणालाही शंका नव्हती. पण प्रश्न तो नव्हताच.

सगळा घोळ इथे आहे. कार्ड एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: समोर उभा असलेला माणूस कोण? यादी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते: या माणसाला इथे मत आहे का? आपल्याकडे लोक 'इलेक्शन कार्ड', 'मतदान कार्ड', 'व्होटिंग कार्ड' म्हणतात. मला हे शब्द मुळीच पटत नाहीत, कारण त्यातून असं वाटतं की मत त्या कार्डात भरलेलं आहे. त्याचं सरकारी नाव मतदार छायाचित्र ओळखपत्र असं आहे. लांबलचक आहे, पण खरं आहे: ते ओळखपत्र आहे, एवढंच.

कायदाही हेच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम ६२ नुसार, ज्याचं नाव त्या वेळी मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला तिथे मत देण्याचा हक्क आहे आणि ज्याचं नाव नाही त्याला तो नाही. या कलमात कार्डाचा उल्लेखही नाही. ओळखपत्राचा विषय येतो तो त्याच्या आधीच्या कलम ६१ मध्ये, तोतया मतदान रोखण्याच्या संदर्भात, बोटाला लावायच्या शाईच्या जोडीनं. इतिहासही तसाच आहे. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. फोटोची कार्डं आली ती १९९३ पासून, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. मधली चार दशकं देशानं कार्डाशिवाय मतदान केलं. यादीशिवाय एकदाही नाही.

कार्डाबद्दल जास्त सांगायची गरज नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. फोटो, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि तीन अक्षरं व सात आकडे असलेला क्रमांक. हरवलं तर दुसरं मिळतं. स्पेलिंगमध्ये बारीक चूक असेल आणि ओळख पटत असेल, तर अडवलं जात नाही. दुसऱ्या विधानसभा मतदारसंघातून मिळालेलं कार्डसुद्धा चालतं, मात्र नाव या केंद्राच्या यादीत हवं. आणि कार्ड नसेल तरी अडत नाही. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी काहीही चालतं. रेशनकार्ड या यादीत नाही. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून एकटी ओळखीचा पुरावा म्हणून धरली जात नाही. ती नाव पटकन सापडावं म्हणून असते. झालं, कार्डाचं एवढंच.

यादी मात्र जिवंत असते. तिच्यात नावं येतात, जातात, सरकतात. मतदार मरण पावला, गाव सोडलं, नाव दोनदा लागलं, तर ते वगळण्यासाठी सात नंबरचा अर्ज असतो, आणि तो त्याच मतदारसंघातला दुसरा मतदारही देऊ शकतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरोघरी जातो. तो बहुतेक आमच्यासारखाच कुणी शिक्षक असतो, नाहीतर अंगणवाडी सेविका, आणि हे काम त्यांना आपलं रोजचं काम सांभाळून करावं लागतं. केंद्रांची फोडाफोड झाली की नाव एका भागातून दुसऱ्या भागात जातं. लग्नानंतर मुलीचं नाव माहेरी कमी होतं आणि सासरी लागायचं राहून जातं. या सगळ्यात कार्ड परत मागायला कुणी येत नाही. ते कपाटात तसंच राहतं, फोटो तोच, क्रमांक तोच, आणि माणूस निर्धास्त राहतो. म्हणूनच कार्डावर विसंबणारा फसतो.

२०१४ च्या लोकसभेला पुण्यात आणि मुंबईत मोठ्या संख्येनं लोक कार्ड हातात घेऊन केंद्रावरून परत गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्यानंतरचं याहून मोठं उदाहरण बिहारचं. तिथे २०२५ मध्ये यादीची विशेष सखोल पुनरीक्षण मोहीम झाली. आधी ७.८९ कोटी नावं होती. १ ऑगस्टच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीत सुमारे ६५ लाख कमी दिसली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वगळलेली नावं कारणांसह जाहीर झाली, आणि ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत आकडा ७.४२ कोटींवर आला. या मोहिमेत निवडणूक आयोगानं सुरुवातीला जी अकरा कागदपत्रं मान्य केली त्यात त्याचं स्वतःचं मतदार कार्ड नव्हतं. कार्ड यादीवरूनच बनतं, तेव्हा यादीचीच तपासणी चालू असताना कार्ड हा तिचा पुरावा कसा होईल, असा आयोगाचा युक्तिवाद होता. त्या मोहिमेची घाई मला पटली नाही. गरिबाच्या घरात कागद कमी असतात, आणि पुराव्याचं ओझं त्याच्याच पाठीवर पडलं. पण कार्ड आणि यादी यांचं नातं काय आहे हे त्या युक्तिवादातून जितकं उघड झालं तितकं आधी कधी झालं नव्हतं.

आता त्या व्हॉट्सअॅप संदेशाबद्दल, जो मला प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या रात्री निदान चार गटांत दिसतो: नाव यादीत नसेल तर आधार दाखवा, 'कलम ४९अ' खाली 'चॅलेंज व्होट' मागा, मत देऊ द्यावंच लागेल. हे साफ खोटं आहे. निवडणूक नियमांतला ४९अ हा मतदान यंत्राच्या रचनेबद्दलचा आहे. 'चॅलेंज' म्हणजे उलटंच: नाव यादीत असलेल्या माणसाबद्दल उमेदवाराचा प्रतिनिधी 'हा तो नव्हे' असा आक्षेप दोन रुपये भरून घेतो, ते. त्याच संदेशातला दुसरा भाग अर्धा खरा आहे. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. तिला प्रदत्त मत म्हणतात. पण तेही नाव यादीत असलेल्यालाच. असं मतदान अमुक टक्के झालं की फेरमतदान होतं, हीही थाप आहे. या संदेशामुळे लोक आधीपासून न तपासता येतात, आणि केंद्राध्यक्षाशी भांडून, रांग अडवून, रिकाम्या हातानं परत जातात. ज्यांनी तो पुढे पाठवलेला असतो ते चांगल्या भावनेनंच पाठवतात, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

एक बारकावा मात्र माहीत असायला हवा. केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशा शेऱ्यांची एक वेगळी यादी असते. तुमचं नाव तिच्यात असलं तरी मूळ यादीतून वगळलेलं नसेल, तर तुम्हाला मत आहे. जास्त बारकाईनं ओळख तपासतात, सही आणि अंगठा घेतात, आणि मत देऊ देतात. "तुमच्या नावापुढे शेरा आहे" एवढं ऐकून मागे फिरू नका.

नाव कुठे असावं याचीही एक जुनी गैरसमजूत आहे. "गावाला घर आहे, सातबारा आहे, मत गावालाच ठेवलंय," असं शहरात वीस वर्षं राहिलेली माणसं अभिमानानं सांगतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याच्या कलम २० नुसार केवळ घराच्या मालकीवरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. पण तेच कलम असंही म्हणतं की तात्पुरतं बाहेर गेल्यामुळे रहिवास संपत नाही. याचा अर्थ बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून त्यांचं नाव उडवणं चूक आहे. शहरातल्या फ्लॅटवाल्याचं नाव गावच्या यादीत वर्षानुवर्षं टिकतं आणि ऊसतोड कामगाराचं जातं, हे मी पाहिलंय, आणि मला ते सहन होत नाही. स्थलांतर किंवा रहिवासाच्या कारणावरून नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. टोळीबरोबर चारशे किलोमीटर दूर कोप्यात, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या माणसापर्यंत ती नोटीस पोचणार कशी?

अर्जांमधला घोळ थोडक्यात. नाव कुठेच नसेल तर सहा नंबर. पत्ता बदलला, दुरुस्ती हवी, कार्ड हरवलं तर आठ नंबर. लोक घर बदललं की सरसकट सहा नंबर भरतात. मग जुन्या जागी नाव राहतं, नव्या जागी लागतं, आणि आपण दुबार मतदार होतो. दोन ठिकाणी नोंद असणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटी माहिती देणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आधारचा पत्ता बदलल्यानं यादीत काहीही बदलत नाही.

पालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आणखी एक पायरी वाढते. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतः नावं नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत किंवा गटांत फोडतो, आणि तीही एका ठरावीक तारखेची. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंदणी झालेल्या अठरा वर्षांच्या पोरांकडे कोरं करकरीत कार्ड होतं आणि त्या निवडणुकीत मत नव्हतं. शिवाय यादी फोडताना गल्लीच्या एका बाजूची घरं शेजारच्या प्रभागात गेली तर ती चूक प्रारूप यादीवरच्या हरकतींच्या मुदतीतच सुधारून घ्यावी लागते.

"शहरी मतदार झोपलेला असतो" म्हणणाऱ्यांनीही जरा यादीकडे बघावं. टक्केवारी काढताना खाली भागायला यादीतली सगळी नावं घेतात. समजा एका भागात १,००० नावं आहेत आणि ६२० जणांनी मत दिलं, तर ६२ टक्के. त्यातली ८० नावं मेलेल्यांची किंवा सोडून गेलेल्यांची असतील, तर तिथे खरोखर राहणाऱ्यांचं मतदान ६७ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. आळस असतोच, मी नाकारत नाही. पण सगळं खापर आळसावर फोडण्याआधी यादी साफ आहे का ते विचारलं पाहिजे.

निवडणुकीवर पैसा, जात, प्रचार यांचा प्रभाव किती, यावर आपण तासन् तास बोलतो. पक्षांचे कार्यकर्ते मात्र यादी हातात घेऊन बसतात. यादीच्या एका पानामागे एक माणूस नेमायचा, त्याला पन्ना प्रमुख म्हणायचं, ही पद्धत उगीच आलेली नाही. कुणाचं नाव आहे, कुणाचं गेलं, कोण मुंबईला आहे, कुणासाठी गाडी पाठवायची, हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं. तुमच्याच नावाची माहिती तुमच्यापेक्षा त्याला जास्त असावी, हे मला पटत नाही.

तेव्हा वर्षातून एकदा, प्रारूप यादी लागते तेव्हा, स्वतःचं आणि घरच्यांचं नाव बघा. आयोगाच्या संकेतस्थळावर, १९५० वर फोन करून, किंवा बीएलओकडे जाऊन. कार्डाच्या क्रमांकानं सापडलं नाही तर नावानं शोधा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून कार्डामागेच चिकटवून ठेवा. निवडणूक जाहीर झाल्यावरही अर्ज करता येतो, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काहीच बदल होत नाही. मधे हरकतींसाठी वेळ जातो, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे.

त्या आजींना मी सहा नंबरचा अर्ज कुठे मिळेल ते कागदावर लिहून दिलं, आणि नातवानं तो त्याच आठवड्यात भरला. नाव पुढच्या पुरवणी यादीत आलं. कार्ड टेबलावर ठेवलं त्या दिवशीचं त्यांचं मत मात्र गेलं.