टायटॅनियम: गुणधर्म, खनिजं आणि उपयोग

टायटॅनियम हा अणुक्रमांक २२ चा चंदेरी-राखाडी धातू. याचे मिश्रधातू चांगल्या पोलादाइतके दणकट असतात पण वजन साधारण ५५-६० टक्केच भरतं (याची घनता ४.५, पोलादाची ७.८), वितळतो १६६८ अंश सेल्सिअसला, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवला तरी गंजत नाही कारण हवा लागली की लगेच पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, ओरखडा गेला तरी तो थर परत तयार होतो. महाग आहे म्हणून लोक याला दुर्मिळ समजतात पण तसं अजिबात नाहीये, पृथ्वीच्या कवचात याचा नववा नंबर लागतो, तांबं, जस्त, शिसं तिन्ही एकत्र केले तरी याच्या जवळपास पोचत नाहीत. पैसा जातो तो याला ऑक्सिजनपासून सोडवण्यात.

मुख्य खनिजं दोन. इल्मेनाइट काळं, त्यात लोखंडही असतं, आणि रुटाइल लालसर तपकिरी, म्हणजे जवळजवळ निव्वळ टायटॅनियम डायऑक्साइड. १७९१ मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याने ओढ्यातली काळी वाळू तपासताना हे मूलद्रव्य पहिल्यांदा ओळखलं. भारतात केरळचं चवरा, तमिळनाडूचं मनवलकुरिची आणि ओडिशाचं छत्रपूर इथल्या किनाऱ्यांवर मोठे साठे आहेत, आणि आपल्या रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागातली काळी वाळू पण इल्मेनाइटचीच, सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून झिजून नद्यांनी समुद्रापर्यंत आणलेली. तिथे चुंबक फिरवला तर भराभर चिकटतात ते मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे कण, इल्मेनाइट ओढायला बराच जोरदार चुंबक लागतो. कारखान्यात याच फरकावर काम चालतं: आधी पाण्याबरोबर वाळू गोल वळणाच्या पन्हळीतून सोडतात म्हणजे जड कण आतल्या बाजूला राहतात आणि हलकी वाळू बाहेर जाते, मग चुंबकाने इल्मेनाइट काढतात, आणि रुटाइल चुंबकाला दाद देत नाही पण वीज वाहून नेतं म्हणून ते विजेच्या भाराने त्याच वाळूतल्या झिरकॉन या खनिजापासून वेगळं करतात.

धातू बनवणं हे खरं जिकिरीचं काम. लोखंडासारखं कोक (भाजलेला दगडी कोळसा, म्हणजे मुख्यतः कार्बन) घालून भट्टीत टाकलं तर टायटॅनियम कार्बनलाच चिकटतो आणि कार्बाइड बनतं. म्हणून क्लोरीन आणि कोक वापरून आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड करतात, हे पाण्यासारखं पातळ द्रव दमट हवेत उघडं पडलं की पांढरा दाट धूर सोडतं. ते शुद्ध करून आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद भांड्यात वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचं, मॅग्नेशियम क्लोरीन ओढून घेतं आणि मागे सच्छिद्र धातू राहतो, त्याला स्पंज म्हणतात. एकेक खेप निघायला काही दिवस जातात. ही पद्धत विल्यम क्रॉलची, १९४० च्या आसपासची, आणि आजही जगात मुख्यतः हीच चालते. चवऱ्यात केएमएमएल या केरळ सरकारच्या कंपनीचा स्पंज प्लांट डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू-प्रयोगशाळेच्या तंत्रावर आणि इस्रोच्या मदतीने उभा राहिला, क्षमता वर्षाला ५०० टन. एवढा खजिना किनाऱ्यावर पसरलेला असताना धातू इतका थोडा बनतो हे मला खरंच खटकतं.

उपयोगाचं बघायचं तर जगातलं ९० टक्क्यांहून जास्त खनिज धातूसाठी जातच नाही, जातं पांढऱ्या रंगासाठी. टायटॅनियम डायऑक्साइड हिऱ्यापेक्षाही जास्त प्रकाश वळवतो म्हणून भिंतीचा पेंट, कागद, प्लॅस्टिक, टूथपेस्ट सगळीकडे तो आहे. खाण्याच्या पदार्थांत मात्र युरोपियन युनियनने २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली.

धातू म्हणून मुख्य मिश्रण ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचं. विमानाच्या इंजिनातली पाती, रॉकेटमधल्या गॅसच्या टाक्या, खाऱ्या पाण्याचे हीट एक्स्चेंजर (उष्णता काढून घेणारी यंत्रं) यात टायटॅनियम आणि त्याचे मिश्रधातू लागतात. शरीरातला वापर तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो: स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं, आणि त्यातून पुढे १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचा पहिला डेंटल इम्प्लांट बसला.

वर्कशॉपमध्ये याचं मशिनिंग करणारे वैतागतात, कारण उष्णता धातूतून लवकर निघून जात नाही आणि टूलची धार जळते. स्पीड कमी आणि कूलंट (थंड ठेवणारं द्रव) भरपूर ठेवावं लागतं. बारीक चिप्सनी पेट घेतला तर पाणी मारायचं नाही, आग आणखी भडकते, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडरच टाकायची.