अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले म्हणजे वाट संपली का?

'वैद्यकीय मंडळाने आजार सेवेमुळे झालेला नाही असा शेरा मारला, की माजी सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन कधीच मिळत नाही,' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. नकारपत्र हाती पडलेल्या कुटुंबाला तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात त्या पत्राविरुद्ध अपील करता येते आणि तेथेही नकार मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लष्करी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची सहा महिन्यांची मुदत खरी असली, तरी पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे.

मंडळाचा शेराही अंतिम नसतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि मंडळाने कारणे दिली नसतील, तर आजार सेवेमुळेच झाला असे सैनिकाच्या बाजूने गृहीत धरावे, असा तेव्हाच्या नियमांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लावला. २०२३ मध्ये नियम बदलले, म्हणून निवृत्तीची तारीख आधी पाहावी.

पडताळणीसाठी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत लेखी मागावी, तिच्यातील कारणांचा रकाना आणि अपंगत्वाची टक्केवारी नीट वाचावी, आणि ती प्रत घेऊनच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.