चीनची अमेरिकेतली सोयाबीन खरेदी आणि आपला दर
(गाडी भरण्याआधी वाचावे)

शेतकरी बंधू-भगिनींनो आणि गावोगावच्या खरेदीदार मित्रांनो,

सुगी सुरू झाली की आमच्या पेढीवर एकच प्रश्न येत राहतो : "चीननं अमेरिकेतनं सोयाबीन उचललंय, मोबाईलवर आलंय. दर कधी वाढणार?" विचारण्यात काहीच गैर नाही. पण गाडी काट्यावर चढते, वजन होते, ओलावा बघून होतो आणि तेवढ्यात मालाच्या मालकाचा फोन येतो, "थांबा, खाली करू नका, बातमी आलीय." मग ती गाडी ना खाली होते, ना मागे निघते. हातकणंगले-शिरोळकडून आलेले ट्रॅक्टर उन्हात उभे राहतात, हमाल बसून राहतात आणि शेवटच्या माणसाला रात्र होते. म्हणून हे पत्रक.

आधी ही बातमी कुठून निघते ते पाहू. १९७२ च्या उन्हाळ्यात रशियात दुष्काळ पडला. तेव्हाच्या सोव्हिएत सरकारने अमेरिकेतल्या वेगवेगळ्या धान्य कंपन्यांशी गुपचूप सौदे केले. एका कंपनीला दुसरीचा पत्ता नव्हता. एकूण आकडा कळेपर्यंत अमेरिकेच्या गव्हाचा सुमारे चौथा हिस्सा विकला गेला होता, तोही अमेरिकी सरकार निर्यातीला अनुदान देत असताना. पुढे तिथे गव्हाचे दर दुपटीहून जास्त वाढले. १९७३ मध्ये कायदा झाला : परदेशी विक्रीची माहिती निर्यातदाराने सरकारला दिलीच पाहिजे. रशियाचे पीक उपग्रहातून मोजण्याचा प्रयोगही १९७४ पासून सुरू झाला. तेव्हा नजर रशियावर होती, आज ती चीनवर आहे, कारण जगात विकल्या जाणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन घेतो.

आता खरी चूक : एकच सौदा तीनदा मोजला जातो. एका दिवसात एकाच देशाला १ लाख टन किंवा त्याहून जास्त सोयाबीन विकले, तर अमेरिकेतल्या निर्यातदाराला ते लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी तिथल्या सरकारला कळवावे लागते. ही झाली पहिली बातमी. तोच सौदा पुढे अमेरिकी सरकारच्या आठवड्याच्या अहवालात धरला जातो. हा अहवाल गुरुवारी येतो, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला, थंडीत ७ ला. ही दुसरी बातमी. कधी सौदा होताना माल कुठे जाणार ते जाहीर नसते, नंतर तोच माल चीनच्या नावावर चढतो. ही तिसरी. समजा सौदा १,३२,००० टनांचा असला, तर आपल्या ग्रुपवर तो जवळजवळ ४ लाख टनांचा होतो. माल मात्र तेवढाच! शिवाय सौदा म्हणजे जहाज भरले असे नव्हे. रद्द झालेले सौदे त्याच अहवालात असतात, ते कुणी पुढे पाठवत नाही. म्हणून अहवालात नवी निव्वळ विक्री (रद्द सौदे वजा करून) किती आणि प्रत्यक्ष रवाना किती, हे दोनच आकडे बघा.

शिकागोचा, म्हणजे अमेरिकेतल्या वायदे बाजाराचा, दर बुशेल या तिथल्या मापावर असतो. सोयाबीनचा बुशेल २७.२ किलोचा, मक्याचा २५.४ किलोचा. दोन्हींना एकच हिशेब लावू नका.

आपला दर ठरतो तेल आणि पेंडीवर. ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के केले. असा निर्णय चीनच्या एखाद्या सौद्यापेक्षा आपल्या पोत्याला लवकर भिडतो. डिसेंबर २०२१ मध्ये आपले सोयाबीनचे वायदे बंद झाल्यापासून लोक शिकागोकडे जास्त बघू लागले, ते समजण्यासारखे आहे. पण तिकडची तेजी इकडे येते ती तेलाच्या वाटेने, आणि तिला वेळ लागतो.

"दुपारी बातमी आली, मग दर का वाढवला नाही?" असे काहीजण रागाने विचारतात. प्लांट, म्हणजे तेल काढणारा कारखाना, आम्हाला सकाळी दर देतो, त्यावर आम्ही दिवसभर घेतो. दुपारी बाजार पडला तरी काट्यावर आलेल्या गाडीचा दर आम्ही खाली आणत नाही. दोन्हीकडून एकच नियम आहे आणि तो आम्हाला सोडायचा नाही.

तेव्हा थांबायचे की विकायचे, हे गाडी भरण्याआधी घरीच ठरवा. थांबायचे असेल तर माल काट्यावर अडकवू नका, आमच्या गोदामात ठेवा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि काडीकचरा काढलेला हवा. ओला माल ठेवला की तो तापतो, काळा पडतो, आणि मग वाढलेला दरही हाती लागत नाही. ठेवलेल्या मालाची वजनासह पावती मिळते, विकायचा दिवस तुम्ही सांगायचा. भाड्याचा तक्ता काट्याशेजारी लावला आहे.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही त्या अहवालाचा चार ओळींचा मराठी गोषवारा ग्राहकांना पाठवतो, नवी विक्री आणि रद्द सौदे वेगळे करून. त्याचे पैसे नाहीत. नंबर कार्यालयात नोंदवा. येताना ओंजळभर नमुना आणलात तर ओलावाही लगेच बघून देऊ.