प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांची परजीवी तपासणी : नमुना देण्यापूर्वी वाचावे

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारे, केमोथेरपी सुरू असलेले, संधिवात, दमा किंवा त्वचाविकारासाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेणारे आणि एचआयव्हीसह जगणारे अनेक रुग्ण आमच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी येतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘स्टूल रुटीन’ (शौचाची नेहमीची तपासणी) एवढेच लिहिलेले असते आणि नमुना आणून देणाऱ्या नातेवाइकांनाही त्यापलीकडे काही सांगता येत नाही. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या जुलाबासाठी ही तपासणी सहसा पुरते. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णासाठी मात्र ती पुष्कळदा अपुरी ठरते. ‘परजीवी आढळले नाहीत’ या आमच्याच अहवालातील ओळीवर विसंबून कोणाचे उपचार लांबू नयेत, अशी आमची कळकळ आहे, म्हणून हे पत्रक आम्ही नमुन्याच्या डबीसोबत देत आहोत.

संसर्ग ओळखण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्यात परजीवी, त्याची अंडी, अळी किंवा त्याचा जनुकीय अंश प्रत्यक्ष शोधला जातो. दुसऱ्यात त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात मोजली जातात. दुसरा मार्ग रुग्णाला सोयीचा वाटतो, कारण एकदा रक्त दिले की काम संपते. पण प्रतिपिंडे तयार करणारी यंत्रणा म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्तीच असते आणि तीच औषधांनी किंवा आजाराने क्षीण झालेली असेल, तर संसर्ग असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. रिटुक्सिमॅबसारखे औषध तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या मुळावरच घाव घालते. उलट, इम्युनोग्लोब्युलिनचे सलाईन किंवा रक्त नुकतेच दिले गेले असेल, तर दात्याची प्रतिपिंडे रुग्णाच्या नमुन्यात दिसून चाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. जंतांच्या संसर्गात त्या वाढतात हे खरे, पण स्टिरॉइडमुळे त्यांची संख्या खाली येते. त्यामुळे स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात इओसिनोफिल नेहमीइतकेच असले, तरी त्यावरून जंत नाहीत असे धरून चालू नये.

अनवाणी पायांतून शिरणारा जंत

आमचे बरेचसे ग्राहक भातशेती करणाऱ्या गावांतले आहेत आणि म्हणूनच ‘स्ट्राँगिलॉइडिस’ या जंताविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. ओलसर, उबदार मातीत असलेली त्याची अळी पायाच्या त्वचेतून आत शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेथून घशात येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात तिचा जंत होतो. त्याची अंडी आतड्यातच फुटत असल्यामुळे शौचात सहसा अंडी दिसत नाहीत, अळ्या दिसतात. यांतील काही अळ्या बाहेर न पडता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा शरीरात शिरतात आणि त्यामुळे हा जंत माणसात वर्षानुवर्षे टिकून राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेमार्गावर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये ते मायदेशी परतल्यानंतर कित्येक दशकांनी हा संसर्ग आढळला होता. म्हणून ‘आता शेतात कोण जाते?’ एवढे सांगून थांबू नये. तीस वर्षांपूर्वी लावणीच्या चिखलात उतरलेले पायही आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत हा जंत बहुधा मर्यादेत राहतो. स्टिरॉइड सुरू झाले की अळ्या झपाट्याने वाढून फुप्फुसे, मेंदूची आवरणे आणि इतर अवयवांत पसरू शकतात आणि जाताना आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात. ही अवस्था जिवावर बेतणारी असते. २०२० साली कोविडच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन देणे सुरू झाले, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी याच जंताविषयी सावध केले होते.

एका नमुन्यात हा जंत निसटण्याची शक्यता मोठी असते, कारण अळ्या थोड्या असतात आणि रोज पडतातच असे नाही. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले किमान तीन नमुने आम्ही मागतो आणि शंका दाट असल्यास अगार या जेलीसारख्या पदार्थावरची तपासणी सुचवतो. या पद्धतीत अगारच्या थरावर मधोमध थोडा ताजा नमुना ठेवून काचेची बशी बंद केली जाते. अळ्या जिवंत असतील तर त्या अगारवरून सरपटत बाहेर पडतात, त्यांच्या अंगाला चिकटलेले जीवाणू वाटेत सांडतात आणि दोन-तीन दिवसांत त्या वाटेवर जीवाणूंच्या ठिपक्यांची नागमोडी रेघ उमटते. ओल्या वाळूवरून गोगलगाय गेल्यासारखी ती दिसते. ही रेघ उमटण्यासाठी अळी जिवंत पोहोचणे आवश्यक आहे, म्हणून या तपासणीचा नमुना कृपया फ्रिजमध्ये ठेवू नये. तो शिळाही नसावा; बराच वेळ पडून राहिलेल्या नमुन्यात अंकुशकृमी (हुकवर्म) या दुसऱ्या जंताची अंडी फुटून अळ्या निघतात आणि या दोन अळ्यांमधला फरक तोंडाच्या पोकळीची लांबी बारकाईने पाहून करावा लागतो. रुग्णाला खोकला किंवा धाप असेल, तर थुंकीतही अळ्या सापडू शकतात.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी सूचना ही की, प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळचे स्टिरॉइड ठरले असेल, तर ते सुरू होण्यापूर्वी ही तपासणी करून घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. त्या वेळी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही अधिक भरवशाची असते.

न थांबणारे जुलाब

एचआयव्ही असलेल्या आणि विशेषतः सीडी-४ या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या १०० च्या खाली गेलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा या परजीवींचा शोध घ्यावा लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे रक्तातील लाल पेशीपेक्षाही लहान असतो आणि नेहमीच्या तपासणीत तो यीस्टचा कण समजून सोडून दिला जाऊ शकतो. क्षयाच्या थुंकीसाठी जी रंगप्रक्रिया वापरतात, तिचीच थोडी बदललेली पद्धत वापरली की निळ्या पार्श्वभूमीवर तो गुलाबी-लाल गोळीसारखा उठून दिसतो. सायक्लोस्पोरा ८ ते १० मायक्रॉनचा असतो आणि एकाच काचपट्टीवर त्याचे काही गोल रंगलेले, तर काही कोरेच राहिलेले दिसतात. सिस्टोआयसोस्पोरा लांबट आणि बराच मोठा असतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. शेवटचे दोन को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाने आटोक्यात येतात, क्रिप्टोस्पोरिडियम त्याला दाद देत नाही आणि एचआयव्ही रुग्णात तो हटवण्यासाठी एआरटीने (एचआयव्हीविरोधी औषधांनी) प्रतिकारशक्ती सावरणे हाच मुख्य उपाय ठरतो.

१९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरून सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनला तो जुमानत नाही, हे त्या साथीने ठळकपणे दाखवले. म्हणून प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाने पाणी उकळूनच प्यावे.

ही रंगप्रक्रिया ‘स्टूल रुटीन’मध्ये येत नाही, ती वेगळी सांगावी लागते. चिठ्ठीवर तिचा उल्लेख नसेल आणि रुग्ण वर सांगितलेल्यांपैकी असेल, तर आमच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. आम्ही डॉक्टरांशी बोलून घेऊ.

टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. त्याचा जुना संसर्ग शरीरात सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती खूप घटली की बहुधा मेंदूत डोके वर काढतो. रक्तातील आयजीजी (एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी) पॉझिटिव्ह आली, तर संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच कळते. आजची डोकेदुखी किंवा फिट त्यामुळेच आहे हे एमआरआय, लक्षणे आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद पाहून डॉक्टर ठरवतात. पाठीच्या कण्यातील द्रवाची पीसीआर (जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आल्यास पुरावा भक्कम मानला जातो, निगेटिव्ह आल्याने मात्र शंका फिटत नाही.

नमुना कसा द्यावा

नमुना कोरड्या, रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या डबीत घ्यावा. त्यात लघवी किंवा संडासातले पाणी मिसळू देऊ नये; लघवीने नाजूक परजीवी मरतात आणि पाण्यातले मोकळे जीव नमुन्यात येऊन घोटाळा करतात. पातळ शौच अर्ध्या तासात आमच्यापर्यंत पोहोचावे. ते शक्य नसेल, तर आधी येऊन फॉर्मलिनची (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाची) बाटली घेऊन जावी; मात्र पीसीआर करायची असल्यास फॉर्मलिन चालत नाही, तेव्हा बाटली नेताना तसे सांगावे. नमुन्यापूर्वी पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल घेऊ नये, कारण तेलाचे थेंब काचपट्टीवर परजीवींना झाकून टाकतात. बेरियमचा एक्स-रे ठरला असेल, तर नमुना त्याआधी द्यावा. डॉक्टरांनी दिलेले कोणतेही औषध तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नये. फक्त सर्व औषधांची नावे, विशेषतः स्टिरॉइड आणि अलीकडे घेतलेली प्रतिजैविके, अर्जावर लिहावीत.

आजाराविषयी खिडकीवर चारचौघांत बोलण्याची गरज नाही. बंद पाकिटात चिठ्ठी दिली तरी चालेल. एचआयव्हीविषयीची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ती तशीच जपली असती.

अर्जावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन क्रमांक स्पष्ट अक्षरांत लिहावा. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या नमुन्यात स्ट्राँगिलॉइडिसची एक जरी अळी दिसली, तरी छापील अहवालाची वाट न पाहता आम्ही त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करतो.