खानदेशातील कामगारांचा सहभाग आणि नेतृत्व : पार्श्वभूमी

खानदेशात कारखानदारी आली ती कापसामागोमाग. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्यातील गिरणी यांत कामाला येणारा माणूस बहुधा जवळच्या खेड्यातला, अर्धा शेतकरी असे. त्याची भरती करणे, त्याला माग नेमून देणे, रजा देणे आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा करणे ही सगळी सूत्रे त्या काळच्या कापड गिरण्यांत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असत. मालकाला क्वचितच भेटणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने गिरणी म्हणजे जॉबरच. आज ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’, म्हणजे कामगाराचे कामात मन गुंतणे, म्हणून ज्याची चर्चा होते, त्या प्रश्नाचे मूळ या मधल्या माणसाच्या हातातील अधिकारात आहे, असे माझे मत आहे.

जॉबरच्या मनमानीला पहिला आळा संघटनेने घातला. 1926 च्या कायद्याने कामगार संघटनांना नोंदणीचा मार्ग मिळाला आणि 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे खानदेशातील शेतकऱ्यांचे व गिरणी कामगारांचे प्रश्न तळमळीने हाती घेतले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 100 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कार्यसमितीची तरतूद केली, जीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे बंधन होते. मात्र सरकार, मालक आणि कामगार यांच्या 1959 च्या भारतीय श्रम परिषदेने या समित्यांच्या कामांची जी यादी ठरवली तीत पिण्याचे पाणी, कँटीन, उजेड-हवा असे विषय आले, तर वेतन, बोनस आणि कामाचा बोजा हे बाहेर राहिले. ज्या बैठकीत चहाच्या दर्जावर बोलता येते, पण एका माणसाने किती माग सांभाळावेत यावर बोलता येत नाही, तिच्यात कामगाराचे मन फार काळ रमले नाही, याचे नवल नाही.

याच सुमारास अहमदाबादेत एक वेगळा प्रयोग झाला होता, आणि कापड गिरण्यांच्या खानदेशाने त्याची दखल आजही घ्यावी असा तो आहे. तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि कापडातील दोष कमी होईनात. मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये पाहणी केली तेव्हा दिसले की विणणारा, धागा जोडणारा, तेल घालणारा असा प्रत्येक जण वेगवेगळ्या मागांवर फिरत होता आणि कोण कोणासोबत काम करतो हे ठरलेलेच नव्हते. ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे सोपवावी, ही सूचना मांडली जाताच पर्यवेक्षक आणि कामगारांनी ती उचलून धरली व आपले गट स्वतःच ठरवले. पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

सरकारी आस्थापनांची वाट निराळी होती. भुसावळ विभागात रेल्वेची कायमस्वरूपी वाटाघाट यंत्रणा 1952 पासूनची, तर भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींसह केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा 1966 ची. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगार सहभाग मार्गदर्शक तत्त्वांत आणला. ‘एंगेजमेंट’ची आजची मांडणी अभ्यासक विल्यम कान यांच्या 1990 च्या लेखापासून सुरू होते, कामाला अर्थ असणे, न घाबरता बोलता येणे आणि अंगात तेवढी उमेद शिल्लक असणे, अशा तीन अटी त्यांनी सांगितल्या.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई, पाइप आणि डाळ उद्योगांत मधली दुसरी अट सर्वांत अवघड ठरते. औद्योगिक विवाद कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीने 20 किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती आवश्यक केली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती कायम ठेवली. तथापि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वा पोळ्याला रजा कोणाला द्यायची, यासारखा नाजूक निर्णय समितीपुढे येण्याआधीच पाळीवरचा पर्यवेक्षक देऊन मोकळा होतो. हा पर्यवेक्षक बहुधा यंत्रावरील हातखंड्यामुळे बढती मिळालेला असतो, माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. त्याला ते द्यावे, आणि सणासुदीच्या पाळ्यांचे वेळापत्रक कामगारांशी बोलून महिनाभर आधी लावण्याचा अधिकारही द्यावा, ही मागणी त्यामुळेच रास्त आहे.