तीस किलोमीटर वर जाणारा बलून आणि कॉलेजच्या मुलांची उन्हाळी इंटर्नशिप

सॅटेलाइटवर एखादं उपकरण पाठवायचं म्हटलं तर डिझाइनपासून लॉन्चपर्यंत कित्येक वर्षं जातात, तोवर बीएस्सी किंवा इंजिनियरिंगवाल्याचं कॉलेजही संपून जातं. बलूनचं तसं नाही. उन्हाळ्याच्या आठ-दहा आठवड्यांत पेलोड (म्हणजे बलूनखाली टांगायचं उपकरण) बनवा, टेस्ट करा, उडवा, शोधून परत आणा आणि डेटा काढा, हे सगळं त्याच दोन-चार मुलांच्या हातून होतं, म्हणूनच पदवीच्या मुलांसाठी सायंटिफिक बलूनिंगची इंटर्नशिप मला सगळ्यात भारी वाटते. एरवी इंटर्नच्या वाट्याला दुसऱ्याच्या कामातला एखादा तुकडाच येतो.

विद्यार्थी बहुतेक वेळा लॅटेक्सचा बलून वापरतात, जगभरची हवामान खाती रोज सोडतात त्याच जातीचा. जमिनीवर साधारण २ मीटर व्यासाचा, खाली पॅराशूट आणि त्याखाली दोरीला पेलोडचे डबे. हेलियम भरताना बलूनच्या तोंडाशी काटा लावून तो किती ओढतोय ते मोजत राहायचं, कारण कमी भरला तर हळू चढतो आणि वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जातो, जास्त भरला तर भरभर चढतो खरा पण ठरलेल्या उंचीच्या आधीच फुटतो. सेकंदाला ५ मीटरच्या आसपास वेग मिळाला की ३० किमी गाठायला पावणेदोन तास लागतात. बाहेरचं प्रेशर कमी होईल तसा तो फुगत जातो, ८-१० मीटरचा होतो आणि फुटतो. तिथे हवा इतकी विरळ असते की पॅराशूट सुरुवातीला काही धरतच नाही, डबे गरगरत जोरात खाली येतात.

आता खरा मुद्दा. वर जाताना तापमान उणे ५०-६० पर्यंत उतरतं म्हणून सगळे आधी थंडीचीच तयारी करतात, डब्याला थर्मोकोल लावतात, थंडीत टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या घालतात, आणि ते बरोबरच आहे, पण त्रास त्याहून जास्त विरळ हवेचा होतो. ३० किमीवर प्रेशर जमिनीवरच्या जेमतेम १ टक्का उरतं. हवाच नाही म्हटल्यावर उष्णता वाहून नेणार कोण? त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असूनही ट्रान्समीटर आतल्या आत तापून बंद पडू शकतो. दुसरी गोष्ट हाय व्होल्टेजची. रेडिएशन मोजणाऱ्या गायगर ट्यूबला साधारण ४०० व्होल्ट लागतात, जमिनीवर ते सर्किट अगदी शांत चालतं, पण प्रेशर कमी झालं की तेवढ्याच अंतरातून वीज सहज उडी मारते आणि ठिणग्या पडायला लागतात. म्हणून उघडे जोड सिलिकॉनने झाकायचे आणि पूर्ण डबा व्हॅक्यूम चेंबरमध्ये चालवून बघायचा, टेबलावर नीट चाललं याला इथे फारशी किंमत नाही. जीपीएसचंही बघावं लागतं, मिसाईलमध्ये वापर होऊ नये म्हणून काही रिसीव्हर १८ किमीच्या वर लोकेशन देणंच थांबवतात, ते आधी तपासलं नाही तर अर्धी फ्लाइट आंधळी जाते.

एवढं करून मिळतं काय, तर एक ग्राफ, आणि तो बघण्यासारखा असतो. गायगरचे काउंट, म्हणजे ट्यूबने मोजलेले कण, उंचीबरोबर वाढत जातात, साधारण १८-२० किमीला सगळ्यात जास्त होतात आणि मग चक्क कमी व्हायला लागतात. अंतराळातून आलेला कण हवेतल्या अणूवर आपटला की त्यातून नव्या कणांचा वर्षाव होतो, खूप वर तसा वर्षाव व्हायला पुरेशी हवाच नसते आणि खूप खाली येईपर्यंत त्यातले बरेच कण हवेतच विरून जातात, म्हणून कमाल मधेच कुठेतरी येते. याला रेगेनर-फोत्झर कमाल म्हणतात. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस स्वतः बलूनमध्ये बसून ५ किमीच्या वर गेला आणि रेडिएशन वरून येतंय हे त्याने दाखवलं, १९३६ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं, पण कमाल त्या उंचीवर दिसणं शक्यच नव्हतं. आज तीच कमाल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी स्वतः सोल्डर केलेल्या बोर्डवर बघते!

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी मोठे बलून आहेत, पातळ पॉलिथिनचे, जे फुटत नाहीत तर वर जाऊन तासन् तास तरंगतात. अमेरिकेत हास्प नावाच्या प्लॅटफॉर्मवर विद्यार्थ्यांचे डझनभर पेलोड एकत्र ३६ किमीपर्यंत जातात, युरोपात बेक्सस नावाचा विद्यार्थ्यांसाठीचा तसाच कार्यक्रम आहे, त्याचे बलून स्वीडनमधल्या किरुनाजवळून सुटतात. आपल्याकडे हैदराबादला टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) बलून फॅसिलिटी आहे.

आणि हे फक्त फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम आहे असं समजून बायोलॉजीची मुलं अर्जच करत नाहीत, हे मला फार खटकतं. हैदराबादहूनच सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किमीवरची हवा गोळा करून आणली होती, त्यात बॅक्टेरियाच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं, त्यातल्या एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलंय. ते नमुने निर्जंतुक ठेवायचे कसे आणि सापडलेला जंतू वरचाच आहे, खालून चिकटलेला नाही, हे ठरवायचं कसं, हा प्रश्न मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या माणसाशिवाय सुटतच नाही.