आठ आधी, दहा नंतर : युनिक्स उठताना नेटवर्कचं दार कोण लावतं

सांगलीत २००५-०६ च्या सुमाराला ज्यांनी लिनक्सचा, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणेचा, डबा सांभाळला, त्यांना बूटचा, म्हणजे मशीन उठतानाच्या कामांचा, क्रम तोंडपाठ असायचा. ही सगळी लोडशेडिंगची कृपा. सकाळी लाईट जायची, यूपीएस वीस मिनिटं कण्हायचा आणि मान टाकायचा. लाईट आली की डबा पुन्हा पहिल्यापासून उठायचा. युनिक्सवाले जगभर अपटाइम मिरवत होते, मशीन तीनशे दिवस झोपलेलं नाही वगैरे. आमचा अपटाइम तासांत मोजायचा. तिकडच्या ॲडमिनला वर्षातून एकदा पडणारा प्रश्न आम्हाला दिवसातून दोनदा पडायचा : मशीन उठतं त्या मिनिटभरात नेटवर्क आधी जागं होतं, की नेटवर्कची राखण?

आज सिस्टिमडीत, म्हणजे लिनक्स उठवणाऱ्या व्यवस्थेत, 'नेटवर्क-प्री' नावाचं एक टारगेट, म्हणजे बूटमधला एक टप्पा, दिसतं. नव्या पोरांना ते कशासाठी ठेवलंय हे चटकन कळत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या छोट्या नावामागे चाळीसेक वर्षांचा व्याप आहे.

सुरुवात 'आरसी' पासून करावी लागते. हे अक्षरद्वय युनिक्सच्याही आधीचं. एमआयटीतल्या सीटीएसएस या यंत्रणेवर १९६०च्या दशकात लुई पूझँ यांनी 'रनकॉम' नावाची सोय केली होती : आज्ञा एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एकामागून एक चालवायच्या. युनिक्सने ते नाव आखूड करून उचललं. एटसी डिरेक्टरीतली आरसी ही एकच फाईल. मशीन उठलं की 'इनिट' हा पहिला प्रोग्राम ती चालवणार. त्यात काय असायचं? डिस्क जोडा, टेम्प साफ करा, ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन सुरू करा. नेटवर्कचा उल्लेखच नाही, कारण नेटवर्कच नव्हतं.

आपल्याकडे तर ही अवस्था आणखी बरीच वर्षं टिकली. नव्वदच्या दशकात सहकारी बँकांच्या शाखांत एससीओ युनिक्स असायचं आणि त्याला सिरियल केबलने लोंबणारी हिरव्या अक्षरांची टर्मिनलं. मी पहिल्यांदा युनिक्स पाहिलं ते असंच. त्या मशीनला राउटिंग कुठून कळणार? बाहेर जायला वाटच नव्हती. सुरक्षा म्हणजे कॅशियरने जेवायला जाताना लॉगआउट करणं.

तिकडे इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या नियमावलीवर, गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलीचं ४.२ बीएसडी हे युनिक्स आलं. आज आपण ज्यांना नेटवर्कची मूलभूत हत्यारं म्हणतो ती त्याच्यासोबत बाहेर पडली : कार्डाला पत्ता देणारं इफकॉन्फिग, वाट दाखवणारं राउट आणि मागे चालत राहून वाटा सांभाळणारा राउट-डी. नेटवर्क कार्डाला पत्ता देणाऱ्या ओळी आरसी-लोकल या फाईलमध्ये असायच्या. नाव बघा, 'लोकल'. जागेपरत्वे बदलणारं जे काही असेल ते तिथे खरडायचं. नेटवर्क तेव्हा इतकं किरकोळ मानलं जायचं की त्याची जागा या खरडवहीत होती.

त्या काळची वृत्ती शेजारधर्माची होती. बर्कलीच्या वंशातल्या कित्येक यंत्रणांत मशीनला दोन कार्डं बसवली की एका बाजूचं पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, दुसरीकडे ढकलायचं काम ते न विचारता सुरू करायचं. विद्यापीठात ते सोयीचंच होतं. पण दोन कार्डं असलेलं प्रत्येक मशीन राउटर व्हायच्या लायकीचं नसतं. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमपत्रात स्पष्ट लिहिलं गेलं की साध्या होस्टला, म्हणजे टोकाच्या मशीनला, पॅकेट पुढे ढकलता येत असेल तर त्याला बटण हवं, आणि ते बटण मुळात बंद हवं. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मॉरिस वर्म हा मशीनमागून मशीन पसरणारा प्रोग्राम येऊन गेला होता. शेजारधर्म तिथेच आटला.

आता क्रमाकडे. एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सने एका आरसीच्या जागी पायऱ्या आणल्या. इनिटटॅब ही इनिटची यादी, रनलेव्हल म्हणजे मशीनच्या अवस्था आणि प्रत्येक रनलेव्हलची डिरेक्टरी. आत 'एस' ने सुरू होणाऱ्या फायली, पुढे दोन आकडी क्रमांक. लहान क्रमांक आधी, मोठा नंतर, बस्स. ही रचना लोकांनी खूप शिव्या घालून वापरली, पण मला ती आवडायची. एलएस मारून फायलींची यादी काढली की सबंध बूट डोळ्यांसमोर उभं राहायचं, एसटीच्या वेळापत्रकासारखं.

सन कंपनीच्या सोलारिस या युनिक्सवर याच आकड्यांनी एक गंमत केली. त्या काळातल्या सोलारिसमध्ये कार्डांना पत्ते मिळायचे ते अगदी आधी, आरसी-एस डिरेक्टरीतल्या एस-३० या पायरीला. पॅकेट पुढे ढकलायचं की नाही याचा निर्णय मात्र आरसी-२ मधल्या एस-६९-आयनेट या स्क्रिप्टमध्ये व्हायचा. ती स्क्रिप्ट कार्डं मोजायची. एकच असेल तर होस्ट. जास्त असतील तर राउटर, आणि राउट-डी पण सुरू. यातून सुटका हवी असेल तर एटसीमध्ये 'नॉटराउटर' नावाची फाईल ठेवायची. आत एक अक्षरही लिहायची गरज नाही. फाईल नुसती असली तरी स्क्रिप्ट समजून घ्यायची की हा गडी राउटर नाही. कोऱ्या कागदाचा हुकूम चालतो असं हे पहिलंच सरकार मी पाहिलं.

पण तीस आणि एकोणसत्तरच्या मधे काय? पत्ते मिळालेत, कार्डं जागी आहेत आणि निर्णय अजून व्हायचाय. तेवढ्या वेळात कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आपल्या मनाने वागणार, आणि दोन कार्डं दिसली तर पॅकेट या दारातून त्या दारात जाऊ शकणार. काही सेकंदांचाच खेळ. ताकारी-कुंडलकडे ज्याचं रान कालव्यावर आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली पाळी नसेल तर दारं कालव्याला पाणी सुटायच्या आधी बांधायचं असतं. पाणी आल्यावर टिकाव घेऊन धावलं तर पोचेपर्यंत निम्मं रान भिजलेलं.

सुरक्षेच्या बाकीच्या खुंट्या कर्नलमध्ये एकेका दुर्घटनेनंतर ठोकल्या गेल्या. १९९४ च्या नाताळात सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरांच्या मशीनवर खोट्या पत्त्याने हल्ला झाला. टीसीपीच्या नव्या जोडणीचा पहिला क्रमांक आधीच ओळखता येतो, ही त्यामागची फट. स्टीव्हन बेलोविन यांनी १९९६ मध्ये आरएफसी १९४८ लिहून तो क्रमांक ओळखू येणार नाही असा काढायची रीत सांगितली. सोलारिसमध्ये ती हवी असेल तर आयनेटइनिट नावाच्या फाईलमध्ये एका ओळीत १ च्या जागी २ लिहायचं आणि रीबूट करायचं. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या सेवा कंपनीवर सिन, म्हणजे नवी जोडणी मागणाऱ्या, पॅकेटांचा लोंढा सोडला गेला, आणि अर्धवट जोडण्यांच्या रांगेची लांबी हा विषय एकदम ॲडमिनच्या ताटात आला. जानेवारी १९९८ मध्ये सर्ट या सुरक्षेचे इशारे देणाऱ्या केंद्राने 'स्मर्फ' बद्दल इशारा दिला : सगळ्या नेटवर्कला उद्देशून एक पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, टाकायचा, पत्ता दुसऱ्याचा द्यायचा, आणि उत्तरांचा पाऊस त्या बिचाऱ्यावर पाडायचा. ऑगस्ट १९९९ च्या आरएफसी २६४४ ने राउटरांना सांगितलं की बाहेरून आलेलं असलं पॅकेट आत वाटणं मुळातच बंद ठेवा.

यातली प्रत्येक खुंटी म्हणजे कर्नलमधला एक आकडा. सोलारिसवर तो एनडीडी या आज्ञेने बदलायचा, ४.४ बीएसडीपासून बीएसडी घराण्यात सिसकंट्रोलने, लिनक्सवर प्रॉक-सिसमध्ये लिहून किंवा तिथल्या सिसकंट्रोलने. आणि सगळ्यांचा स्वभाव एकच : मशीन बंद पडलं की आकडा गेला. कर्नल रोज सकाळी नवा जन्म घेतो, त्याला कालचं काही आठवत नाही. म्हणून सुरक्षा हा विषय हळूहळू बूटचा विषय झाला. सोलारिसवाले स्वतःची एनडीडी स्क्रिप्ट लिहून आरसी-२ मध्ये योग्य क्रमांकाने टांगायला लागले. लिनक्समध्ये सिसकंट्रोलची फाईल आली. फ्रीबीएसडीत आरसी-कॉन्फ नावाच्या एकाच फाईलमध्ये 'गेटवे-एनेबल' असं लिहिलं की काम झालं. वाचायला सगळ्यात सभ्य तीच फाईल, असं माझं अजूनही मत आहे.

येणारी-जाणारी पॅकेटं नियमांनी गाळणाऱ्या फायरवॉलचं लिनक्समधलं घराणं तर दर दोन-तीन वर्षांनी घर बदलत होतं. २.० कर्नलला आयपीएफडब्ल्यू-ॲडमिन, जानेवारी १९९९ च्या २.२ ला आयपीचेन्स, जानेवारी २००१ च्या २.४ ला आयपीटेबल्स. लिनक्सच्या रेड हॅट वाणात त्याची जागा ठरलेली होती : एस-०८-आयपीटेबल्स, आणि मग एस-१०-नेटवर्क. आठ आधी, दहा नंतर. कार्डाला पत्ता मिळेपर्यंत नियम बसलेले असणार. सोलारिसच्या तीस-एकोणसत्तरच्या फटीला हे नेमकं उत्तर होतं आणि मी त्याच्यावर डोळे झाकून विसंबलो होतो.

ज्या पतसंस्थेत मी हे काम बघायचो तिथे दोन कार्डांचा एक पेंटियम डबा होता. आत शाखेची मशीनं, बाहेर ब्रॉडबँड, बाहेरचा पत्ता थेट डब्यावर. घड्याळं जुळावीत म्हणून एका टाइम सर्व्हरला वाट द्यायची होती. मी नियमांच्या फाईलमध्ये हाताने ओळ घातली, आणि आळशीपणाने आकडी पत्त्याच्या जागी त्या सर्व्हरचं नाव लिहिलं. सेवा रीस्टार्ट केली, हिरवं 'ओके' आलं. झाडून सगळं चाललं.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली.

डबा उठला, आठ नंबरच्या पायरीवर आला, नाव उलगडायला, म्हणजे त्याचा आकडी पत्ता विचारायला, डीएनएसकडे निघाला. पण नेटवर्क दहाला येणार होतं! आठला ते नाव कोण सांगणार? 'होस्ट सापडला नाही' म्हणून स्क्रिप्टने हात टेकले. आयपीटेबल्सचं रीस्टोअर एका टेबलाचे नियम घेतं ते सगळे, नाहीतर एकही नाही. माझ्या फाईलमध्ये नॅटचं, म्हणजे आतल्या मशीनांना बाहेरच्या एका पत्त्यावरून इंटरनेट देणारं, टेबल वर होतं, ते आधीच बसलं. खालचं गाळणीचं टेबल पूर्ण रिकामं राहिलं आणि मूळ धोरण 'येऊ द्या'. एक लाल 'फेल्ड' स्क्रीनवरून सरकून वर गेलं. तिथे मॉनिटर बंद असायचा, विजेची बचत म्हणून. मग दहा नंबरला नेटवर्क आनंदाने उठलं, पॅकेट ढकलायचा आकडाही इमानेइतबारे १ झाला.

नॅट चालू असल्यामुळे सगळ्यांचं इंटरनेट झकास. कुणाची तक्रार नाही. तक्रार नसते तेव्हा ॲडमिनला कोण बोलावतं? चार दिवसांनी मी सहज लॉग उघडला तर 'टेस्ट', 'गेस्ट', 'ॲडमिन' अशी नावं घेऊन एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं, दार ठोठावणाऱ्यांच्या ओळीच ओळी. आत कुणी शिरलं नाही. पासवर्ड लांब होता, त्याचं श्रेय माझ्या आधीच्या माणसाला. त्या दिवसानंतर मी नियमांत नाव लिहिलेलं नाही.

हाच धडा ओपनबीएसडीवाल्यांनी रचनेतच मुरवला होता. डिसेंबर २००१ च्या ३.० आवृत्तीत त्यांची पीएफ ही फायरवॉल आली. त्यांच्या बूट स्क्रिप्टमध्ये नेटवर्क उठायच्या आधी एक छोटा, स्क्रिप्टमध्येच लिहिलेला नियमसंच चढतो : जवळजवळ सगळं बंद, मशीनला स्वतःला उठायला लागतं तेवढंच उघडं. नेटवर्क आलं की मग तुमची खरी फाईल चढते. तुमच्या फाईलमध्ये चूक असली तर पहिला बंद संच तसाच राहतो. माझ्या डब्यावर हे असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅशियरचा फोन आला असता.

आकड्यांची पद्धतही ढासळत चालली होती. एस-०८ आणि एस-१० च्या मधे एकच जागा, आणि दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं तिच्यावर हक्क सांगणार. नेटबीएसडीने १.५ मध्ये आकड्यांच्या वाटेला न जाता वेगळी रीत आणली. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर टिपणीत लिहायचं की मी काय देतो आणि मला आधी काय लागतं. आरसीऑर्डर हा प्रोग्राम त्यावरून रांग लावणार. फ्रीबीएसडीने ते उचललं. २००५ च्या सोलारिस १० ने एसएमएफ ही सेवा सांभाळणारी व्यवस्था आणून स्क्रिप्टांची सद्दीच मोडली. २०१० मध्ये सिस्टिमडी आलं आणि त्याने रांग मोडून सगळ्यांना एकदम पळवलं. बूट झटक्यात व्हायला लागलं, पण आठ आणि दहा हे दोघं आता शेजारी शेजारी धावणार. म्हणून ते नेटवर्क-प्री. फायरवॉलच्या सेवेने सांगायचं की मला याच्या आधी चालव, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याने सांगायचं की मी याच्या नंतर. त्यातही एक खोच आहे : हे टारगेट आपणहून येत नाही, फायरवॉलने त्याला बोलवावंही लागतं. नुसतं 'आधी' लिहिलं आणि बोलावलं नाही, तर ज्याच्या आधी उभं राहायचं तो रांगेत नसतोच. फायरवॉल-डी आणि आयपीटेबल्सचा वारस एनएफटेबल्स यांच्या तयार सेवांत दोन्ही ओळी असतात. घरी लिहिलेल्या सेवांत बहुतेक वेळा एकच.

मागे इथल्या एका ऑफिसात नव्या मुलाची एनएफटेबल्सची फाईल बघत होतो. नीट लिहिलेली, गट पाडलेले, वर टिपणी. सेवेच्या फाईलमध्ये दोन्ही ओळीही होत्या. आणि मधेच टाइम सर्व्हर, नावाने.

"हे मशीन शेवटचं कधी रीबूट झालं रे?"

"झालंच नाही सर," तो कौतुकाने म्हणाला, "बसवल्यापासून चालूच आहे. जनरेटर आहे ना."